स्पॅनिश

स्पॅनिश (वि.; स्त्री.) : स्पेनचा, स्पेनमधला, स्पेनची भाषा. मराठीत हे विशेषण अविकारी आहे. भाषेच्या अर्थाने एकटे आले की स्त्रीलिंगी चालते : 'ती स्पॅनिश शिकते'. ही भाषा वीस देशांची राजभाषा असून ती मायबोली असलेले बहुतेक लोक स्पेनबाहेर, अमेरिका खंडांत राहतात. कोशात हा अर्थ पहिला येतो. बालाघाटच्या मुलखात, म्हणजे केदारेश्वर मंदिरासाठी प्रसिद्ध असलेल्या बीड जिल्ह्यातील धर्मापुरीच्या आसपास, भुईमुगाचा अर्थ पहिला द्यायला हवा.

भुईमूग : पीकशास्त्रात 'स्पॅनिश' हा भुईमुगाचा एक गट. शेतकरी त्याला उपट्या म्हणतात, कारण झाड उभट वाढते, शेंगा बुडाशी घोसाने लागतात आणि वेल धरून ओढला की बहुतेक शेंगा मुळाबरोबर वर येतात. व्हर्जिनिया गटातल्या पसऱ्या जातींच्या फांद्या जमिनीवर पसरतात, शेंगा दूरवर लागतात, काढणीला मजूर जास्त लागतात. स्पॅनिश शेंगेत बहुधा दोनच दाणे, लहान आणि गोलसर. निर्यातीच्या बाजारात यांना 'जावा' म्हणतात, टपोऱ्या लांबट दाण्यांना 'बोल्ड'. पीक लवकर हाती येते, म्हणून बेभरवशाच्या पावसाला ते सोयीचे. खोट एकच, पण मोठी : ताज्या दाण्याला सुप्तावस्था नसते. काढणी लांबली आणि पाऊस लागून राहिला, तर शेंगा जमिनीतच मोड धरतात. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांनी मिळून दिलेला टॅग-२४ आणि जळगावचा जेएल-२४ अर्थात 'फुले प्रगती' हे याच गटातले वाण. या पिकाचे मूळ घर मात्र दक्षिण अमेरिका. स्पेन ही वाटेतली वस्ती.

साथ : 'स्पॅनिश फ्लू' म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. महायुद्धात लढणाऱ्या देशांनी आजाराच्या बातम्या दाबल्या. तटस्थ स्पेनच्या वर्तमानपत्रांनी त्या छापल्या, राजा तेरावा अल्फोन्सो आजारी पडल्याचीही. खरे बोलल्याबद्दल नाव चिकटले ते कायमचे. मुंबईत जून १९१८ मध्ये पहिल्या रुग्णांत पोलीस शिपाई होते, त्यांतला एक गोदीवर नेमलेला. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट त्याहून भयंकर ठरली. त्यातच त्या साली पावसाने दगा दिला होता. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसे गेली. धर्मापुरी, मोमिनाबाद (आताचे अंबाजोगाई), बीड हा सारा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे इथली माणसे या आकड्यात धरलेली नाहीत. मराठी लोकांनी साथीला स्पेनचे नाव दिलेच नाही. खेडोपाडी ती 'मानमोडी' म्हणूनच ओळखली गेली. 'स्पॅनिश फ्लू' पुढे पुस्तकांतून आला आणि २०२० च्या करोनाकाळात घरोघरी पोचला.

इतिहास : १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगाल यांचा राजा एकच होता. म्हणून गोवा, वसई, चौल ही ठाणी साठ वर्षे स्पॅनिश राजाच्या छत्राखाली होती. कारभार मात्र पोर्तुगीजांच्याच हाती राहिला. या काळाला सरसकट 'स्पॅनिश अंमल' म्हणणे दिशाभूल करणारे आहे. त्याआधी, १५४२ मध्ये, गोव्यात आलेला फ्रान्सिस झेवियर जन्माने नवारचा, म्हणजे आजच्या स्पेनमधला.

इतर उपयोग : बकुळीला इंग्रजी वनस्पतिग्रंथांत 'स्पॅनिश चेरी' म्हटलेले आढळते. झाड अस्सल इथले, कोकणात तिला ओवळ म्हणतात. मराठीत हे नाव घेण्याचे काहीच कारण नाही. वाद्यवृंदांत 'स्पॅनिश गिटार' म्हणजे छातीशी धरून बोटांनी किंवा पिकने छेडायची. मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडी तारांवर फिरवत वाजवतात ती हवाईयन.