ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स बदलायचाय? आधी क्लच तपासा, मग नंबर बघा

असोदा (ता. जळगाव) : पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर बंद पडला, तर भाड्याचा मिळेपर्यंत वाफसा निघून जातो. आपल्या असोदा-भादली पट्ट्यात काळ्या जमिनीची उन्हाळी नांगरटी, पऱ्हाटीवर रोटाव्हेटर आणि केळीच्या भरलेल्या ट्रॉल्या, या सगळ्यांचा ताण शेवटी गिअरबॉक्सवर येतो. तो बदलणं हे मोठं आणि खर्चाचं काम. घाईत केलं तर दुप्पट खर्च होतो. म्हणून शेतकरी बांधवांसाठी ही माहिती.

गिअरबॉक्स खरंच गेला का?

गिअर टाकताना करकर वाजलं की गिअरबॉक्स गेला, असं लगेच समजू नका. इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि मग गिअर टाका. तरीही वाजत असेल, तर बहुतेक वेळा क्लच पूर्ण सुटत नसतो. पेडलचा फ्री प्ले आधी सेट करून घ्या.

न्यूट्रलमध्ये आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो, तर दोष गिअरबॉक्सच्या आत, बहुधा बेअरिंगमध्ये आहे. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल, तर रिलीज बेअरिंग बघा. एकच गिअर सारखा निसटत असेल, तर तेवढाच गिअर, त्याचा फोर्क किंवा स्प्रिंग खराब असू शकते.

ऑइल काढून बघा. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर बारीक काळा लेप नेहमीच असतो. पण लोखंडाचे कपचे किंवा दाताचे तुकडे निघाले, तर ट्रॅक्टर पुढे चालवू नका. ऑइल दुधासारखं पांढरं झालं असेल, तर आत पाणी गेलंय. गिअर लिव्हरचं फाटलेलं रबर आणि तिथं मारलेला वॉशिंगचा फवारा, ही त्याची नेहमीची कारणं.

पूर्ण बदलायचा की आतलं सामान?

बहुतेक ट्रॅक्टरला ट्रकसारखी वेगळी चेसी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात, तीच चेसी. त्यामुळे काही मॉडेलमध्ये चेसी नंबर हाउसिंगवरच ठोकलेला असतो. आपल्या ट्रॅक्टरवर तो कुठे आहे, ते आरसी बुक हातात घेऊन आधी शोधा.

भंगारातून जुना गिअरबॉक्स आणला आणि त्यावर दुसऱ्याच गाडीचा नंबर निघाला, तर विक्रीच्या, विम्याच्या आणि चौकशीच्या वेळी अडचण तुमची होते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आरसी बुकातली माहिती जुळणार नाही असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. नंबर घासून काढणं किंवा नवा ठोकून घेणं तर गुन्ह्यात अडकवणारं काम आहे.

हाउसिंग तडकलेली नसेल, तर ती आपलीच ठेवा आणि आतले गिअर, शाफ्ट, बेअरिंग बदला. हाउसिंगच बदलावी लागली, तर आधी आरटीओत विचारा आणि विकणाऱ्याकडून पक्कं बिल घ्या.

जुना घेताना काय जुळवायचं?

नुसतं मॉडेलचं नाव सारखं असून भागत नाही. क्लच सिंगल आहे की ड्युअल, शाफ्टवरच्या खाचा किती, गिअर किती पुढचे आणि किती मागचे, पीटीओ कोणता, हे सगळं मोजून बघा. फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या-मागच्या चाकांचा वेग ठरलेल्या प्रमाणातच लागतो. वेगळ्या रेशोचा गिअरबॉक्स बसवला, तर टायर झिजतात आणि पुढचा एक्सल मोडतो.

खोलताना

काम सिमेंटच्या पक्क्या, सपाट जागेवरच करा, शेतात नको. मागच्या चाकांना ओट लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. पुढचा एक्सल मधल्या पिनवर डोलतो, त्यामुळे ट्रॅक्टर मधून सुटला की इंजिनाकडचा भाग एका बाजूला कलंडतो. म्हणून एक्सल आणि ब्रॅकेटच्या मध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर ठोकल्याशिवाय एकही मोठा बोल्ट सैल करू नका. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा भाग, तिघांखाली वेगवेगळे स्टँड हवेत. नुसत्या जॅकवर भरोसा ठेवून खाली शिरू नका. वायर, पाइप आणि रॉड काढताना खुणा करा, मोबाईलवर फोटो काढा.

जोडताना

ट्रॅक्टर खोललाच आहे, तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग आणि ऑइल सील तपासून घ्या. इथं थोडे पैसे वाचवले, तर त्याच कामासाठी पूर्ण मजुरी पुन्हा द्यावी लागते.

क्लच प्लेट डमी शाफ्ट लावून मध्यावर आणा. दोन्ही भाग हाताने ढकलून एकमेकांना टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर फ्लायव्हील थोडं फिरवून खाचा जुळवा. बोल्ट आवळून ओढायला गेलं की क्लच प्लेट वाकते किंवा हाउसिंग तडकते. बोल्ट टॉर्क पान्यानेच, समोरासमोरचे आळीपाळीने आवळा.

ऑइल कंपनीच्या पुस्तकात दिलंय तेच टाका. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअर, हायड्रॉलिक आणि ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक यांना एकच ऑइल लागतं. चुकीच्या ऑइलने लिफ्ट आणि ब्रेक दोन्ही बिघडतात.

ताबा घेताना

कमी आरपीएमवर प्रत्येक गिअर, रिव्हर्स, पीटीओ आणि लिफ्ट चालवून बघा. जोडाखाली पुठ्ठा ठेवला की गळती लगेच दिसते. पहिले काही तास रिकामा किंवा हलक्या कामावर चालवा, मग ऑइलची पातळी आणि बोल्ट पुन्हा तपासा. काढलेलं जुनं सामान मेकॅनिककडून मागून घ्या. मजुरी, सामान आणि ऑइल यांचा हिशेब काम सुरू होण्याआधीच कागदावर लिहून घ्या.

श्रावण-भादव्यात पिकं उभी असतात, ट्रॅक्टरला काम कमी असतं. आवाज येत असेल तर गिअरबॉक्स तेव्हाच उघडा. आखाजीनंतर सगळ्यांचीच घाई असते, आणि तेव्हा मेकॅनिकही सापडत नाही.