जुन्या मोटारीची काच आणि पट्टी : होळकरांच्या ड्यूसेनबर्गच्या निमित्ताने

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (द्वितीय) यांचे नाव कलारसिक माणिकबाग राजवाड्यामुळे घेतात, तर मोटारींचे अभ्यासक त्यांच्या ड्यूसेनबर्ग 'एसजे' स्पीडस्टरमुळे. जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियस यांच्याकडून राजवाडा उभारून घेणाऱ्या या तरुण राजाने १९३० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे घडलेली चॅसी लंडनला पाठवली आणि चेल्सीच्या गर्नी नटिंग या कोचबिल्डर पेढीकडून तिच्यावर दोन आसनांची, मागे निमुळती होत जाणारी बॉडी चढवून घेतली. रंग भगवा आणि काळा. पुढे ही मोटार अमेरिकेत गेली. तिच्या सुमारे ६.९ लिटरच्या, आठ सिलिंडरच्या, सुपरचार्जर लावलेल्या इंजिनाविषयी पुष्कळ लिहिले जाते. मात्र अशा मोटारीचे जीर्णोद्धारकार्य खऱ्या अर्थाने अडते ते इंजिनावर नव्हे, तर बाहेरून दिसणाऱ्या धातूच्या पट्ट्या, चौकटी, मूठ आणि काचा यांच्यावर.

कारण साधे आहे. ड्यूसेनबर्ग कंपनी ग्राहकाला मुख्यतः चॅसी आणि इंजिन विकत असे. बॉडी ज्याची त्याने करून घ्यायची. कंपनीचा कारभार १९३७ मध्ये आटोपला, तरी 'जे' मालिकेची चारशेहून अधिक इंजिने बनलेली असल्याने त्यांचे सुटे भाग आजही घडवून मिळतात. दाराची मूठ, विंडस्क्रीनची चौकट, बॉनेटवरून धावणारी चकचकीत पट्टी या गोष्टी मात्र त्या एका गाडीसाठी, एका कारागिराने, हाताने केलेल्या असतात. त्यांना पार्ट नंबर नसतो. एक पट्टी हरवली की तिचा जगातील एकमेव नमुना हरवतो. त्यातही इंदूरच्या गाडीसारख्या प्रकरणात चॅसी अमेरिकन मापाची आणि बॉडी इंग्रज कारागिरांची, म्हणजे एकाच मोटारीत स्क्रूच्या आट्यांच्या दोन पद्धती. हाताशी आलेला स्क्रू बळाने पिळणाऱ्याने कित्येक मूळ चौकटींची भोके कायमची बिघडवली आहेत.

म्हणून काम सुरू होते ते सुटे करण्याच्या शिस्तीपासून. प्रत्येक पट्टी काढण्यापूर्वी जागेवरचे छायाचित्र, काढल्यावर मागच्या बाजूला चिठ्ठी, आणि स्क्रू, क्लिप, वायसर त्याच पिशवीत. डावी-उजवी पट्टी सारखी दिसली तरी सारखी नसते. हाताने ठोकलेल्या पत्र्याच्या दोन बाजूंत काही मिलिमीटरचा फरक हा ठरलेलाच. स्क्रूंचीही नोंद हवी. १९३५ च्या गाडीवर फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला की जाणकाराची नजर तिथेच थांबते, कारण तो प्रकार त्या दशकाच्या उत्तरार्धात मोटारींत शिरला. आधीचा स्क्रू एका आडव्या खाचेचा.

पुढचा टप्पा मुलाम्याचा. क्रोम म्हणून जे चमकते, त्यातील क्रोमियमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. खरे संरक्षण त्याखालचे निकेल करते, आणि त्याखाली तांबे असेल तर पृष्ठभाग गुळगुळीत होतो. स्वस्तात काम करणारा तांबे-निकेलमध्ये काटकसर करतो. पहिले वर्षभर फरक कळत नाही, नंतर गंजाचे ठिपके उठतात. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत तर ते फार लवकर उठतात. पितळेचे भाग पुन्हा मुलामा चढवण्यास सोपे. खरी कसोटी जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची, ज्याला गॅरेजात 'मझाक' म्हणतात. त्यावर फोड आलेले असतात आणि जुना मुलामा काढणारे आम्ल खालचा धातूही खाते. असे भाग अनुभवी माणसाकडेच द्यावेत. बफिंगवाल्याच्या चाकाखाली कोरीव अक्षरे आणि धारदार कडा पुसल्या जातात, त्या परत येत नाहीत. तेव्हा 'चमक कमी चालेल, कड जाऊ नये' असे स्पष्ट सांगून ठेवणे भाग आहे.

सर्वांत जास्त घाई होते ती रंगाच्या आधी. नियम असा की, रंग देण्यापूर्वी संपूर्ण गाडी एकदा कोरडी जुळवून पाहायची : दारे टांगायची, काचा बसवायच्या, पट्ट्या लावायच्या, फटी मोजायच्या आणि मग सगळे पुन्हा उतरवायचे. गॅरेजमालकाला हे दुप्पट काम वाटते. पण रंगावर पट्टी बसत नाही म्हणून नव्या पत्र्यात ड्रिल चालवण्याची वेळ आली, तर रंगाचा सारा खर्च वाया जातो. त्या काळच्या कोचबिल्ट गाड्यांत पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो, ही बाब इथे महत्त्वाची. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात अचूक बसवलेले दार किनारपट्टीच्या आषाढात अडकू शकते, म्हणून फट ठेवताना गाडी कुठे राहणार आहे याचा विचार करावा लागतो.

काचेचे काम त्यामानाने दिलासादायक आहे, कारण त्या काळातील बहुतेक काचा सपाट असत. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एद्वार बेनेदिक्त्युस यांनी १९०९ मध्ये दोन काचांमध्ये पडदा ठेवून केलेल्या लॅमिनेटेड काचेचे पेटंट घेतले. त्या जुन्या सेल्युलोजच्या पडद्याला काळाने पिवळेपणा येतो आणि कडेने दुधाळ डाग पसरतात. आजची लॅमिनेटेड काच चांगल्या काचवाल्याकडून पुठ्ठ्याच्या साच्यावरून कापून मिळते. टफन्ड काच मात्र तापवून कडक केल्यावर कापता येत नाही. साचा एका बाजूने दोन मिलिमीटर चुकला की काच निकामी. साचा जुन्या फुटक्या काचेवरून न काढता चौकटीवरून काढावा, कारण मधल्या काळात कुणीतरी चुकीची काच बसवलेली असू शकते.

उघड्या स्पोर्ट्स गाडीच्या विंडस्क्रीनला पितळी चौकट असते, ती कोपऱ्यांत स्क्रूने जोडलेली. काच रबराच्या पट्टीत गुंडाळून चौकटीत बसते. चौकट किंचित पिळलेली असेल, तर पहिल्या खड्ड्यालाच काच तडकते, आणि दोष काचवाल्यावर येतो. म्हणून चौकट आधी सपाट फरशीवर ठेवून पाहतात. बंद गाड्यांत काच रबराच्या गॅस्केटने पत्र्याच्या कडेवर बसते. तिथे जुनी युक्ती अजून उत्तम : रबराच्या आतील खाचेत दोरी फिरवून टोके आत सोडायची, साबणाचे पाणी लावायचे, एकाने बाहेरून तळहाताने दाब द्यायचा आणि दुसऱ्याने आतून दोरी ओढत न्यायची. रबराची कड आपोआप पत्र्यावर चढते. पट्टी रबरात रुतणारी असेल, तर अनेकदा ती काच चढवण्याआधीच लावावी लागते, हा क्रम विसरणारे पुष्कळ.

एक धोका कमी बोलला जातो. व्हिनेगरसारखा वास येणारे साधे सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडते, ते पितळ आणि जस्ताला खाते. शिवाय त्याचा अंश राहिलेल्या जागी पुढे रंग धरत नाही. तसेच ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पोलादी क्लिप थेट टेकली, की ओलाव्यात दोन धातूंमध्ये गंज सुरू होतो. मध्ये मेणाचा किंवा ब्यूटिल टेपचा थर पुरेसा ठरतो. सगळे बसल्यावर पाइपने पाणी मारून पाहतात, खालून वर, म्हणजे गळती नेमकी कुठून ते कळते. दाराच्या तळाची निचऱ्याची भोके रंगाने बुजलेली असतात, ती उघडावीत.

गोव्यात १९६१ पूर्वी आयात झालेल्या युरोपीय गाड्या अजून काही घरांत आहेत, त्यांच्या मालकांना कायद्याची बाजूही ठाऊक हवी. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या मोटारीला 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेली गाडी त्यात बसत नाही, आणि नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. काचेबाबत सर्वसाधारण नियम असा की, पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश गेला पाहिजे. वरून फिल्म चिकटवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केली.

उपयोगात न आलेली मूळ पट्टी, फुटकी काच, वाकलेली चौकट भंगारात न देता गाडीच्या कागदपत्रांसोबत खोक्यात ठेवण्याची पद्धत जुने संग्राहक पाळतात. तीस वर्षांनी कुणाला पुन्हा नमुना करायचा झाला, तर माप घ्यायला तेवढेच उरलेले असते.