सोहराब गेल्यावरचं औषध

आपण म्हणतो, 'बैल गेला आणि झोपा केला'. इराणात तेच 'सोहराब मेल्यावर नोशदारू' असं म्हणतात. नोशदारू म्हणजे प्राणघातक जखमही भरून काढणारं औषध. गोष्ट आहे फिरदौसीच्या शाहनाम्यातली. हे महाकाव्य १०१० साली पुरं झालं.

यात चमत्कारांना तोटा नाही. केस पांढरे म्हणून बापाने डोंगरात टाकून दिलेल्या झालला सीमुर्ग नावाचा अजस्र पक्षी वाढवतो आणि निरोप देताना आपलं पीस देतो. पुढे झालची बायको रुदाबा बाळंतपणात अडते. झाल पीस जाळतो, सीमुर्ग हजर! पोट चिरून बाळ काढायची युक्ती तोच सांगतो. हे बाळ म्हणजे रुस्तुम.

आणि हाच रुस्तुम, ओळख नसल्यामुळे, स्वतःच्या मुलाला, सोहराबला रणात भोसकतो. औषध आहे, राजा कैकाऊसच्या खजिन्यात. पण राजा देत नाही. बापलेक एक झाले तर माझं काय, ही भीती! रुस्तुम स्वतः मागायला निघतो, तर वाटेतच निरोप येतो, मुलगा गेला.

जादू होती हो, पण कुलपात होती. असो. सीमुर्ग कुणी पाहिलेला नाही, कैकाऊस मात्र सगळ्यांच्या ओळखीचा निघतो.