दुकानाबाहेर गेलेली ट्रॉली : सामायिक वाहनाच्या जबाबदारीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

वस्तूंच्या उत्पादनाचा आणि विक्रीचा इतिहास विपुल प्रमाणात लिहिला गेला आहे. परंतु विकत घेतलेली वस्तू बाजारातून घरापर्यंत कशी पोहोचते, या प्रश्नाकडे इतिहासलेखनाने फारसे लक्ष दिलेले नाही. वास्तविक पाहता ग्राहकाच्या दृष्टीने खरेदीचा सर्वांत कष्टाचा टप्पा हाच असतो. या टप्प्यासाठी विसाव्या शतकात अमेरिकेत चाकांची ट्रॉली तयार झाली. ती दुकानाच्या आत वापरण्यासाठी होती. मात्र लवकरच ती दुकानाबाहेर पडली, वस्त्यांमध्ये गेली आणि रस्त्याच्या कडेला, नाल्यात, बसथांब्याजवळ टाकून दिलेली आढळू लागली. अनेक देशांना त्यासाठी कायदे करावे लागले.

महाराष्ट्रातील बहुतांश रस्त्यांवर अशी टाकून दिलेली ट्रॉली दिसत नाही. परंतु सर्वांच्या वापरासाठी असलेले वाहन वापरणाऱ्याने काम संपताच कोठेही सोडून देणे, हा प्रकार महाराष्ट्राने पुण्यातील सार्वजनिक सायकल योजनेच्या रूपाने २०१७ नंतर अनुभवला. प्रस्तुत शोधनिबंधात या दोन्ही घटनांचा एकत्रित विचार केला असून, सामायिक वस्तू परत जागेवर ठेवण्याची जबाबदारी समाजाने वेगवेगळ्या काळात कशी निश्चित केली, याचा शोध घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) खरेदीच्या ट्रॉलीच्या उदयाचा व तिच्या दुकानाबाहेरील वापराचा इतिहास अभ्यासणे.
२) महाराष्ट्रातील बाजाराच्या मालवाहतुकीच्या परंपरेशी त्याची तुलना करणे.
३) पुण्यातील सार्वजनिक सायकल योजनेच्या अनुभवाचे विवेचन करणे.
४) सामायिक वाहनाच्या जबाबदारीविषयीच्या निरनिराळ्या उपायांचे मूल्यमापन करणे.

गृहीतक :

सामायिक वस्तू टाकून दिली जाण्याचे कारण केवळ वापरणाऱ्याची बेशिस्त हे नसून, वस्तू देणारा व घेणारा यांच्यातील ओळखीचा संबंध तुटणे हे त्याचे प्रमुख कारण आहे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक, वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

ट्रॉलीचा जन्म :

अमेरिकेतील मेम्फिस येथे क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी सप्टेंबर १९१६ मध्ये 'पिग्ली विग्ली' हे स्वयंसेवा पद्धतीचे दुकान सुरू केले. तोपर्यंत ग्राहक दुकानदारास यादी सांगत असे आणि नोकर माल काढून देत असे. नव्या पद्धतीत ग्राहक स्वतःच फडताळातील माल टोपलीत घेऊ लागला. दुकानदाराचा नोकरांवरील खर्च वाचला, परंतु नोकराचे श्रम नाहीसे झाले नाहीत. ते ग्राहकाच्या अंगावर आले.

टोपली जड झाली की खरेदी थांबते, हे ओक्लाहोमा सिटी येथील 'हम्प्टी डम्प्टी' या दुकानांच्या साखळीचे मालक सिल्व्हन गोल्डमन यांच्या लक्षात आले. घडीच्या खुर्चीवरून कल्पना सुचून त्यांनी फ्रेड यंग या कारागिराच्या साहाय्याने चाके लावलेली व दोन टोपल्या ठेवता येतील अशी चौकट बनविली. ४ जून १९३७ रोजी ती ग्राहकांसमोर आली. आरंभी लोकांनी तिला प्रतिसाद दिला नाही. तरुण पुरुषांना ती वापरणे दुबळेपणाचे वाटे, तर स्त्रियांना ती बाळाच्या गाडीसारखी वाटे. तेव्हा गोल्डमन यांनी निरनिराळ्या वयाच्या स्त्री-पुरुषांना मोबदला देऊन दुकानात ट्रॉली ढकलत फिरावयास लावले. ते पाहून ग्राहकांचा संकोच हळूहळू दूर झाला. पुढे १९४६ च्या सुमारास कॅन्सस सिटीचे ऑर्ला वॉटसन यांनी एकात एक सरकून बसणाऱ्या ट्रॉलीची रचना केली. त्यामुळे कमी जागेत अनेक ट्रॉल्या ठेवता येऊ लागल्या.

दुकानाबाहेरचा प्रवास :

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारींची संख्या वाढली व मोठी दुकाने शहराबाहेर, प्रशस्त वाहनतळांच्या शेजारी उभी राहिली. ट्रॉली वाहनतळापर्यंत न्यावी आणि तेथेच सोडावी, ही रीत रूढ झाली. या व्यवस्थेत प्रत्येक ग्राहकाकडे मोटार आहे, हे गृहीत धरलेले होते. ज्यांच्याकडे मोटार नव्हती त्यांच्यासाठी, म्हणजे वृद्ध, गरीब व एकट्या राहणाऱ्या माणसांसाठी, ही ट्रॉलीच घरापर्यंतचे वाहन ठरली. आठवड्याचा बाजार घरी पोहोचला की रिकामी ट्रॉली परत नेण्यासाठी पुन्हा तेवढेच अंतर चालणे भाग होते. परिणामी ती घराजवळच्या कोपऱ्यावर सोडून दिली जाई. पुढे अमेरिकेतील मोठ्या शहरांत बेघर माणसांनी आपला संसार वाहून नेण्यासाठीही तिचा उपयोग केला. तात्पर्य, टाकून दिलेली ट्रॉली जेवढी बेफिकिरीची निशाणी आहे, तेवढीच ती वाहतुकीच्या अभावाचीही निशाणी आहे.

कायद्याचे उपाय :

या प्रश्नावर राज्यसंस्थेने दोन दिशांनी उपाय योजले. पहिल्या प्रकारात वापरणाऱ्यास दोषी धरले जाते. कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यानुसार मालकाचे नाव व सूचना असलेली ट्रॉली परवानगीविना दुकानाच्या आवाराबाहेर नेणे हा गुन्हा आहे. दुसऱ्या प्रकारात मालकास जबाबदार धरले जाते. ब्रिटनच्या १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने, खरेदीच्या व सामानाच्या बेवारस ट्रॉल्या ताब्यात घेऊन खर्च मालकाकडून वसूल करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने २०२१ मध्ये सार्वजनिक जागेवरील बेवारस मालमत्तेविषयी कायदा केला. त्यात ट्रॉल्या, सामायिक सायकली, वाहने आणि जनावरे या सर्वांचा एकत्र विचार केलेला आहे.

मराठी वाचकास या दुसऱ्या प्रकारात काहीही अपरिचित वाटणार नाही. आपल्याकडील कोंडवाडा ही नेमकी हीच व्यवस्था होय. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणविषयक कायद्याने कोंडवाड्यास निश्चित स्वरूप दिले. मोकाट जनावर कोंडवाड्यात घालावयाचे, मालकाने दंड व वैरणीचा खर्च भरून ते सोडवून न्यावयाचे आणि ठराविक मुदतीत कोणी न आल्यास त्याचा लिलाव करावयाचा, असा तो क्रम होता. मोकाट गुरामागे त्याचा मालक असतो आणि नुकसानीची भरपाई त्यानेच करावी, हे त्यामागील तत्त्व होय. ट्रॉलीसंबंधीच्या आधुनिक कायद्यांनी तेच तत्त्व निर्जीव वस्तूस लागू केले.

कायद्याखेरीज तांत्रिक उपायही योजले गेले. जर्मनीसह युरोपातील अनेक देशांत ट्रॉलीला नाण्याचे कुलूप असते. नाणे घातल्यावर साखळी सुटते आणि ट्रॉली जागेवर आणून जोडल्यावर नाणे परत मिळते. काही ठिकाणी आवाराच्या सीमेवर जमिनीखाली तार पुरलेली असते व ती ओलांडताच ट्रॉलीचे चाक आपोआप अडते. नाण्याचे कुलूप माणसाला परत येण्याचे कारण देते. चाकाचे कुलूप मात्र त्याला केवळ अडविते. ज्याच्याकडे वाहन नाही त्याची अडचण या दुसऱ्या उपायाने किंचितही कमी होत नाही.

महाराष्ट्रातील बाजार व ओझे वाहणारा माणूस :

महाराष्ट्राच्या बाजारात ओझ्याचा प्रश्न वाहनापेक्षा माणसाने अधिक सोडविला. मोठ्या मंडईत पाटीवाला आणि धान्यबाजारात हमाल हे खरेदीचे अविभाज्य घटक होते. डोक्यावरील पाटी वा पाठीवरील पोते कधी रस्त्यावर बेवारस पडले नाही, कारण त्याखाली एक माणूस होता. या माणसाच्या श्रमास मात्र दीर्घकाळ संरक्षण नव्हते. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने व मुंबईत अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी कामगारांनी त्यासाठी संघर्ष केला. १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम हे त्या संघर्षाचे महत्त्वाचे फलित होय.

ग्रामीण भागात परिस्थिती वेगळी होती. कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी या गावाच्या नावातच रंगाऱ्यांच्या व्यवसायाची खूण आहे. अशा बाजारगावांत भोवतालच्या खेड्यांतील माणसे खरेदीसाठी येतात. पूर्वी बैलगाडी, डोक्यावरचे गाठोडे व खांद्यावरची पिशवी ही मालवाहतुकीची साधने होती. पुढे एस.टी. बस, काळी-पिवळी जीप आणि दुचाकी यांची त्यात भर पडली. येथे दुकानदार आपले वाहन ग्राहकास देत नाही. ज्याचे वाहन त्याचीच त्यावर जबाबदारी, असा हा सरळ व्यवहार आहे.

सामायिक वस्तूंची परंपरा मात्र ग्रामीण समाजास परकी नव्हती. लग्नकार्यासाठी व गावजेवणासाठी लागणारी मोठी भांडी अनेक गावांत मंदिराच्या वा मंडळाच्या मालकीची असत. त्यांवर नाव कोरलेले असे, ती मोजून दिली जात व मोजूनच परत घेतली जात. तालुक्याच्या गावी तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने होती. सायकलच्या मडगार्डवर क्रमांक रंगविलेला असे आणि वहीत घेणाऱ्याचे नाव व वेळ लिहिली जाई. अनोळखी माणसास कोणीतरी ओळख दिल्याशिवाय सायकल मिळत नसे. कुलूप, कायदा वा दंड यांपेक्षा 'अमक्याचा मुलगा' ही ओळखच सायकल परत येण्याची हमी होती. तथापि या व्यवस्थेचे उदात्तीकरण करणे योग्य ठरणार नाही. ओळखीवर चालणारा व्यवहार ओळख नसलेल्यास बाहेर ठेवतो, आणि जातिव्यवस्थेने विभागलेल्या गावात सामायिक भांडी सर्वांना सारखीच मिळत होती असे म्हणता येत नाही.

पुण्यातील सार्वजनिक सायकल योजना :

एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये औंध व सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परिसरात सार्वजनिक सायकल योजना सुरू झाली. पेडल, ओफो, मोबाइक, युलू अशा कंपन्यांच्या सायकली २०१८ पर्यंत शहरात उतरल्या. मोबाइलवरील अॅपने सायकलवरील संकेतचिन्ह टिपले की कुलूप उघडे. काम झाल्यावर सायकल ठरलेल्या जागी लावावी, अशी अपेक्षा होती. या पद्धतीत दुकान, वही व दुकानदार यांपैकी कशाचीही गरज राहिली नाही.

या योजनेस विद्यार्थ्यांचा प्रतिसाद मिळाला, परंतु अडचणीही लवकरच पुढे आल्या. पदपथावर आडव्या पडलेल्या सायकली, तोडलेली कुलपे, काढून नेलेले सुटे भाग, सोसायटीच्या आवारात खासगी असल्याप्रमाणे ठेवलेल्या सायकली यांविषयी तक्रारी झाल्या. ओफो कंपनीने २०१८ मध्येच भारतातील व्यवसाय आवरता घेतला आणि २०१९ पर्यंत योजनेचा मूळ जोर ओसरला. चीनमधील शहरांतही त्याच काळात टाकून दिलेल्या सायकलींचे ढीग साचले होते. यावरून हा दोष एखाद्या शहराच्या स्वभावाचा नसून व्यवस्थेच्या रचनेचा आहे, हे स्पष्ट होते.

अॅपकडे वापरणाऱ्याचे नाव, क्रमांक व वेळ यांची नोंद होती. भाड्याच्या दुकानातील वहीत याहून अधिक काही नसे. फरक एवढाच की, वहीमागे दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटणारा माणूस होता. नोंद आणि ओळख या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे पुण्याच्या अनुभवातून दिसून येते.

आवराआवर करणारे हात :

भारतात २००१ मध्ये बिग बाजार व २००२ मध्ये डी-मार्ट यांच्या रूपाने स्वयंसेवा पद्धतीची मोठी दुकाने विस्तारू लागली आणि ट्रॉली मध्यमवर्गाच्या परिचयाची झाली. येथे दारावर सुरक्षारक्षक बिल तपासतो, ट्रॉली बहुधा आवारातच राहते आणि ग्राहक पिशव्या घेऊन दुचाकीवर वा रिक्षात बसतो. वाहनतळावर सोडलेल्या ट्रॉल्या गोळा करून ओळीने परत नेणारा कामगार असतो. ग्राहकाची शिस्त म्हणून जी दिसते, ती पुष्कळदा या कामगाराच्या श्रमाची फलश्रुती असते. पुण्यातही विखुरलेल्या सायकली टेम्पोत भरून जागेवर आणणारी माणसे नेमावी लागली होती. म्हणजेच स्वयंसेवेने वगळलेला नोकर मागील दाराने परत आला. मात्र पाटीवाल्यास ग्राहक चेहऱ्याने ओळखत असे, तसे या कामगारास कोणी ओळखत नाही.

निष्कर्ष :

१) खरेदीची ट्रॉली दुकानदाराच्या सोयीतून व अधिक विक्रीच्या हेतूने निर्माण झाली. घरापर्यंतच्या वाहतुकीचा विचार तिच्या रचनेत नव्हता.
२) ट्रॉली टाकून देण्यामागे बेशिस्तीइतकेच वाहनाचा अभाव हेही कारण आहे.
३) मालकास जबाबदार धरणारे आधुनिक कायदे आणि कोंडवाड्याची व्यवस्था यांत तत्त्वतः साम्य आहे.
४) महाराष्ट्रातील भाड्याची सायकल व गावची भांडी परत येत, कारण व्यवहारामागे ओळख होती. परंतु ती ओळख सर्वांना समान उपलब्ध नव्हती.
५) पुण्याच्या सायकल योजनेने नोंद ठेवली, पण ओळख निर्माण केली नाही. त्यामुळे प्रस्तुत अभ्यासाच्या गृहीतकास पुष्टी मिळते. तथापि दुसऱ्या निष्कर्षामुळे ते अंशतः मर्यादितही होते.

समारोप :

सार्वजनिक वस्तूंचा वापर येत्या काळात वाढणार आहे आणि तालुक्याची गावेही त्यापासून दूर राहणार नाहीत. अशा वेळी केवळ कुलपे मजबूत करून वा नागरिकांना नीतीचे धडे देऊन प्रश्न सुटणार नाही. ज्याच्याकडे वाहन नाही त्याचे ओझे घरी कसे जाईल, वस्तू परत ठेवण्याचा ठिकाणा त्याच्या वाटेवर आहे का आणि विखुरलेल्या वस्तू गोळा करणाऱ्या कामगारास माथाडी कामगाराप्रमाणे संरक्षण मिळेल का, या तीन प्रश्नांची उत्तरे योजना आखतानाच दिली पाहिजेत. रस्त्यावर बेवारस उभी असलेली ट्रॉली वा सायकल ही प्रत्यक्षात न विचारलेल्या याच प्रश्नांची साक्ष होय.