नाणं खोटं निघालं तर

आपल्या गावात पोतदार आडनावाचं एखादं घर असेल. सरकारी खजिन्यात भरणा होणारं नाणं पारखून घ्यायचं, हे पूर्वी पोतदाराचं काम. तो नाणं वाजवून पाही, तोलून पाही. त्याचा प्रश्न एकच असे : यात चांदी पुरी आहे का? आज जुनी नाणी हौसेनं विकत घेणाऱ्याचं एवढ्यानं भागत नाही. चांदी सोळा आणे खरी आणि नाणं मात्र खोटं, असंही होतं.

1939 सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया घ्या. जुन्या कसाचा, म्हणजे बारा भागांत अकरा भाग चांदी असलेला, तो शेवटचा रुपया. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली. 1939 चे अस्सल रुपये फार थोडे उरले, म्हणून त्यांना मोल चढलं. मग कोणी कारागीर दुसऱ्या सालच्या रुपयावरचा आकडा बदलतो. सराफानं कसाला लावला तर चांदी खरीच निघणार. खोटा आहे तो तेवढा एक आकडा, आणि पैसे त्या आकड्याचेच मोजलेले असतात.

ही विद्या आजची नव्हे. जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकर (1772–1830) नावाचा गृहस्थ होऊन गेला. जुन्या ग्रीक, रोमन नाण्यांचे त्यानं तीनशेवर ठसे कोरले. सोनंचांदी खरं वापरी. कधी तर झिजलेलं प्राचीन नाणंच घेऊन त्यावर आपला ठसा मारी. नवी चकाकी जावी म्हणून लोखंडाच्या किसाबरोबर नाणी पेटीत घालायची, पेटी घोडागाडीच्या आसाला बांधायची आणि खडबडीत रस्त्यानं फेरी मारून यायचं! दोन हजार वर्षांची झीज एका दुपारात. भलेभले संग्राहक त्याला फसले.

आपल्याकडचे कारागीर एवढेही कष्ट घेत नाहीत. जत्रेत तुम्ही पाहिलं असेल, एका बाजूला राम, लक्ष्मण, सीता आणि मारुती, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, ‘यू.के.एल.’, ‘वन आना’ आणि 1818 साल. कंपनीनं असं नाणं कधी पाडलं नाही. तिचं आण्याचं तांब्याचं नाणं म्हणजे अर्धा आणा, पाव आणा. एक आण्याचं निकेलमिश्रित नाणं सरकारनं काढलं ते 1907 साली, सातव्या एडवर्डच्या वेळी. तरी हे ‘रामनाणं’ चमत्कारी म्हणून हजारो रुपयांना विकलं जातं. माणसाच्या श्रद्धेचा असा बाजार मांडावा, याचा मला तरी संताप येतो. रामाचं नाव असलेलं अस्सल नाणं इतिहासात आहेच, पण ते अकबराचं : त्याच्या कारकिर्दीच्या अखेरीस, 1604–05 च्या सुमारास पाडलेलं, वर रामसीतेची आकृती आणि नागरीत ‘राम सीय’ अशी अक्षरं.

आणि शिवराई? 1674 च्या राज्याभिषेकानंतरचं हे तांब्याचं नाणं, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ते हातानं पाडलेलं असे. तांब्याची चकती दोन ठशांमध्ये धरायची नि वरून घण घालायचा. ठसा बहुधा चकतीहून मोठा, म्हणून अक्षरं पुरी मावत नाहीत. कडा फाटते, आकार वेडावाकडा येतो. नकली नाणं पुष्कळदा साच्यात ओतलेलं असतं. त्यावर बारीक छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत लागतात, काठावर साच्याच्या सांध्याची रेघ सापडते. एकाच विक्रेत्याकडे दोन नाणी, आणि दोघांचा टवका एकाच जागी? मग विचारायलाच नको. शिवरायांचा सोन्याचा होन तर इतका दुर्मीळ, की तो तुम्हांला बसथांब्यावर कोणी विकायला येणार नाही.

विकणारा हमखास सांगतो, ‘नांगराला हंडा लागला.’ त्याची गोष्ट खोटी, तर नाणंही खोटं. आणि खरी असली तर? 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचं भूमिगत धन सापडलं, की कलेक्टरला कळवावं लागतं. न कळवता विकलेला माल घेणारा अडचणीतच सापडायचा.

बरं, घेऊन चुकला असाल तर नाणं चिंचेनं घासू नका, कानशीनं खरवडू नका. पुरावा तोच आहे. तारीख, किंमत, काय सांगून विकलं, ते लिहून ठेवा, पावती जपा, दुसऱ्या जाणकाराला दाखवा. मग विक्रेत्याकडे जा. तोही फसलेला असू शकतो. सांगितल्याप्रमाणे माल नसेल तर 1930 च्या मालविक्री कायद्यानं तो परत करता येतो. जाणूनबुजून फसवलं असेल तर पोलिसांत जा. फसवणुकीचं जुनं 420 कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 318 झालं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नावानं कोणी जुन्या नाण्यांवर कमिशन मागेल तर एक पैसा देऊ नका. बँक असा व्यवहार करीत नाही, हे तिनं 2021 साली जाहीर केलं आहे.

पैसे बुडाले, की मनात येतं, आपणही कुणाच्या तरी गळ्यात मारावं. अजाणता घेणारा फसलेला असतो. जाणून विकणारा फसवणारा होतो. मधे फक्त एक व्यवहार.

गुरुजींना एक विनंती. देणगी म्हणून आलेलं नाणं शाळेच्या कपाटात पारख न करता मांडू नका. मुलं त्याच्यावरून इतिहास शिकतात. 1818 चं ते रामनाणं एकदा मुलांच्या डोळ्यांसमोर राहिलं, की कंपनी सरकारनं रामाची नाणी पाडली हे त्यांच्या मनात पक्कं बसतं. मग ते पुसायला पुस्तकं अपुरी पडतात. नकली निघालं तर फेकू नका. ‘नक्कल’ अशी ठळक चिठ्ठी लावा आणि शेजारी अस्सल शिवराई ठेवून दोन्ही मुलांच्या हातांत द्या. बर्लिनच्या संग्रहालयानं बेकरचे ठसे असेच, बेकरच्याच नावानं जपून ठेवले आहेत.