जुन्या स्पोर्ट्स कारला स्पेसर बसवताना

दादर, परळ, गिरगावच्या इमारतींच्या आवारात आजही एखादी जुनी एमजी किंवा पोर्शे आच्छादनाखाली जपलेली आढळते. अशा गाडीचे चाक किंचित बाहेर घेण्यासाठी हब आणि चाक यांच्यामध्ये जी धातूची चकती बसवतात, तिला स्पेसर म्हणतात. रुंद टायर आतील भागांना घासू नयेत, मोठ्या ब्रेक कॅलिपरला जागा मिळावी किंवा गाडी अधिक रुबाबदार दिसावी, ही त्यामागची नेहमीची कारणे. बहुतेकांचे लक्ष चकतीच्या जाडीवर असते. चाकाची सुरक्षितता मात्र नटाला स्टडवर किती आटे मिळतात, यावर अवलंबून असते.

चाक कशावर टिकते?

गाडीचा भार स्टडवर टेकलेला असतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात नट आवळल्यावर स्टड ताणला जातो आणि चाक हबवर घट्ट दाबले जाते. या दाबातून निर्माण होणारे घर्षण चाकाला जागेवर धरून ठेवते. दाब कमी झाला की चाक सूक्ष्म हालू लागते, प्रत्येक फेऱ्यागणिक स्टड वाकतो आणि अखेर थकून तुटतो. एक स्टड तुटला की उरलेल्यांवरील ताण वाढतो.

म्हणून नटाला मिळणाऱ्या आट्यांची लांबी किमान स्टडच्या व्यासाइतकी असावी, हा नियम पाळला जातो. १२ मिमी व्यासाच्या आणि दीड मिमी अंतराने आटे असलेल्या स्टडवर नटाचे ८ पूर्ण फेरे बसले पाहिजेत. जुन्या पोर्शे ९११ चा स्टड १४ मिमीचा, आट्यांचे अंतर तेच. तेथे ९ हून अधिक फेरे हवेत. एमजीबीचा अर्धा इंची स्टड इंचाला २० आट्यांचा असल्याने १० फेरे लागतात. समजा, १२ मिमीच्या मूळ स्टडवर नटाला १८ मिमी आटे मिळतात. ५ मिमीचा स्पेसर घातल्यास १३ मिमी उरतात, ते चालतात. १० मिमीचा घातल्यास ८ मिमीच उरतात. तेथे लांब स्टड अपरिहार्य ठरतो. तारांच्या चाकांच्या गाड्यांत चाक दातेरी हबवर एकाच मधल्या नटाने बसते. तेथे हा उपाय लागू पडत नाही.

जाड स्पेसरचा दुसरा प्रकारही मिळतो. तो मूळ स्टडवर स्वतंत्र नटांनी बसतो आणि चाकासाठी त्याला स्वतःचे स्टड असतात. तेथे मूळ स्टडची टोके स्पेसरबाहेर येऊन चाकाला अडत नाहीत ना, हे पाहावे.

स्टड बदलताना

जुना स्टड हबच्या मागून दातेरी मानेने घट्ट बसवलेला असतो. तो प्रेसवर काढावा. हातोड्याच्या घावांनी बेअरिंग खराब होते. नव्या स्टडच्या मानेचा व्यास हबच्या छिद्राशी तंतोतंत जुळावा. ढिला स्टड वेल्डिंगने पक्का करण्याची सूचना कोणी केली, तर ती नाकारावी. उष्णतेने कडक पोलादाची ताकद जाते. हार्डवेअरच्या दुकानातील साधा बोल्ट येथे चालत नाही. नटाचा बसका शंकूसारखा आहे की गोलाकार, हेही चाकाशी पडताळावे.

स्पेसर हबच्या मधल्या कडेवर अचूक बसणारा असावा, म्हणजे चाक केंद्रस्थानी राहते. दोन स्पेसर एकावर एक रचू नयेत. मुंबईच्या खाऱ्या हवेत पोलादी हब आणि ॲल्युमिनियमची चकती एकमेकांना धरून बसतात. त्यामुळे बसवण्यापूर्वी हबवरील गंज तारेच्या ब्रशने काढावा. नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने आवळावेत. पोर्शे ९११ साठी हे माप १३० न्यूटन-मीटर आहे. इतर गाड्यांसाठी उत्पादकाची पुस्तिका पाहावी. साधारण ८० किलोमीटर, म्हणजे लोणावळ्यापर्यंतच्या धावेनंतर, चाके थंड झाल्यावर पुन्हा तपासणी करावी.

किंमत कोणती?

१५ मिमीच्या स्पेसरने दोन्ही चाकांमधील अंतर ३० मिमीने वाढते. बेअरिंगवरील तरफेचा जोर वाढतो, आणि पुढील चाकांना स्पेसर लावल्यास पावसाळ्यातील लालबाग-परळच्या खड्ड्यांत स्टिअरिंगला हिसके अधिक बसतात. गाडीत माणसे बसल्यावर टायर मडगार्डला घासतो का, हेही पाहावे.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याला दुजोरा दिला. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेल्या विंटेज नोंदणीत गाडी मूळ स्वरूपात असणे अपेक्षित आहे. तेव्हा काम हाती घेण्यापूर्वी ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे चौकशी करावी. काढलेले मूळ नट व स्टड मात्र भंगारात देऊ नयेत. कोणत्या चाकाचे कोणते, अशी चिठ्ठी लावून ते जपून ठेवावेत. गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची झाल्यास त्यांचाच नमुना उपयोगी पडतो.