अत्तार म्हणजे कोण?

अहमदपूरच्या एखाद्या शाळेच्या हजेरीपटावर ‘अत्तार’ आणि ‘गांधी’ ही दोन्ही आडनावे सापडू शकतात. ती ऐकताच आपण मुलांचा धर्म ओळखतो आणि तिथेच थांबतो. पण या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ एकच आहे: सुगंधी द्रव्ये व औषधी विकणारा.

अहमदपूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होते. इथल्या मराठीत अरबी-फारसी शब्द मुरले आहेत. अरबीत ‘इत्र’ म्हणजे सुगंध. धंदा दाखवण्यासाठी अरबीत शब्दाला एक ठरावीक साचा असतो. हमाल, दलाल, सराफ हे आपले रोजचे शब्द त्याच साच्यातले. ‘अत्तार’ही तसाच. हकिमाने नुस्खा लिहायचा आणि अत्ताराने त्यातली द्रव्ये तोलून द्यायची, अशी कामाची वाटणी होती. फारसी कवी फरीदुद्दीन अत्तार यांचे नावही याच धंद्यावरून पडले.

‘गांधी’ हा शब्द संस्कृत ‘गांधिक’वरून आला. कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक प्राकृत लेख आहे. धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाने तिथल्या प्रवेशद्वाराचे दान दिले, असे तो सांगतो.

अरबीत औषधविक्याला आणखी एक शब्द आहे, ‘सैदनानी’ किंवा ‘सैदलानी’. अकराव्या शतकातील विद्वान अल्-बेरुनी याने त्याचे मूळ ‘चंदन’ विकणाऱ्यात शोधले. अरबीत ‘च’ नाही, म्हणून तिथे ‘स’ आला, असे त्याचे म्हणणे. आजही अरबीत औषधाच्या दुकानाला ‘सैदलिया’ म्हणतात.

सुगंध आणि औषध एकाच दुकानात का? वनस्पतींचा वास बहुधा त्यांतल्या बाष्पनशील तेलांमुळे येतो. कीड व जंतूंपासून बचाव करण्यात अशी अनेक तेले वनस्पतीच्या उपयोगी पडतात. ओव्यातले थायमॉल जंतुनाशक आहे. लवंगेतल्या युजेनॉलने दातदुखी बधिर होते. गुलाबपाणी आणि बडीशेपेचा अर्क काढायची रीतही एकच, ऊर्ध्वपातनाची. म्हणजे माल एक, भांडी एक आणि तराजूही एकच.

मात्र वासावरून औषधाचे प्रमाण कळत नाही, शुद्धताही सिद्ध होत नाही. त्यासाठी रासायनिक परीक्षण लागते. भारतात १९४८ च्या फार्मसी कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध तयार करून देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टकडे सोपवले. जुन्या धंद्यातून आडनावे तेवढी उरली.

वर्गात एक उपक्रम करून पाहू. ओवा, लवंग, दालचिनी आणि कापूर वेगवेगळ्या पुड्यांत बांधून मुलांना डोळे मिटून ओळखायला सांगू. मग हजेरीपटावरची धंदेवाचक आडनावे शोधू. धर्माच्या दोन रकान्यांत लिहिलेली मुले एकाच दुकानाच्या नावाची निघाली, तर तो धडा पाठ्यपुस्तकात नसला तरी शिकवण्याजोगा आहे.